डाग कातडीवर, संशय मनात

१ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकेल जॅक्सन मुंबईत, अंधेरीच्या क्रीडासंकुलात कार्यक्रम करून गेला. तेव्हा पूर्णगडला मी नुकताच दवाखाना थाटला होता. बाकावर बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "पैसा असला की काळ्याचा गोरा होता येते, काय हो डॉक्टर?" सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

कारण फेब्रुवारी १९९३ मध्येच ओप्रा विन्फ्रे यांना दिलेल्या दूरचित्रवाणी मुलाखतीत त्याने सांगितले होते की, आपल्याला त्वचेचा रंग नष्ट करणारा विकार आहे. फारच थोड्यांनी विश्वास ठेवला. २५ जून २००९ रोजी तो वारला आणि शवविच्छेदनाच्या अहवालात त्या विकाराची नोंद झाली. विकार म्हणजे आपले कोड.

आपल्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. कोडात शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून स्वतःच्याच या पेशींवर हल्ला करते आणि तेथे पांढरा डाग उमटतो. काही रुग्णांत बहुतेक सर्व अंग पांढरे होते. अशा वेळी उरलेला रंगही मलमाने काढून कातडी एकसारखी करतात. जॅक्सनच्या घरी अशाच मलमाच्या नळ्या मिळाल्या होत्या. आपल्याला गोरेपणाची हौस. म्हणून त्यालाही तीच असणार, असे आपण धरून चाललो.

हा न्याय आपण जॅक्सनलाच लावला असे नाही. काही वर्षांपूर्वी एक माऊली आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग होता. तो झाकायला ती दोन वर्षे मोठी, आणखी मोठी टिकली लावत होती. आईने हळूच विचारले, "डॉक्टर, माशावर दूध प्यायली म्हणून का हो? लगीन ठरवायचं आहे, लोक काय म्हणतील?"

वाचकहो, दोष माशांचा नव्हता, दुधाचाही नव्हता. काही टिकल्यांच्या डिंकातील रसायन रंगपेशींना मारक ठरते. म्हणजे जे झाकण, तेच कारण! काही रबरी चपलांच्या पट्ट्यांखालीही असे डाग पडतात. टिकली बंद केली, त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार घेतले आणि डाग पुष्कळसा भरून आला. दोन वर्षे आधी आली असती तर काम अधिक सोपे झाले असते. तिला उशीर झाला तो लोकांच्या बोलण्याच्या भीतीने.

काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. कोड स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा कपड्यांतून पसरत नाही. ते पूर्वजन्मीचे पाप नव्हे. घराण्यात असल्यास शक्यता थोडी वाढते, पण प्रत्येक मुलाला होतेच असे नाही. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. मात्र फिकट डागावर स्पर्श किंवा गरम-गार कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. कुष्ठरोगाची औषधे तेथे मोफत मिळतात आणि तो रोगही बरा होतो.

कोडावर मलमे, विशिष्ट अतिनील किरणांचे उपचार, आणि डाग वाढायचे थांबले असल्यास त्वचारोपण असे मार्ग आहेत. चेहऱ्यावरील डाग सहसा चांगला प्रतिसाद देतात. ओठ व बोटांच्या टोकांवरील डाग चिवट असतात. उपचारांना महिनोन् महिने लागतात. पांढऱ्या जागी ऊन लवकर भाजते, ती झाकावी. दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडचे मलम आणून चोळू नये; कातडी पातळ होते.

पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. त्यांनी तोंड न लपवता 'श्वेता असोसिएशन' ही संस्था उभी केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा २००६ चा चित्रपट याच विषयावर आहे. घरातल्या सर्वांनी मिळून पाहावा.

आणि पुढच्या वेळी एखाद्या प्रसिद्ध माणसाचा रंग बदललेला दिसला, तर त्यावर विनोद करण्याआधी थोडे थांबावे. बाकावर शेजारीच कुणीतरी पदर ओढून डाग झाकून बसलेली असेल, आणि आपले हसणे ऐकून ती तपासून न घेताच उठून जाईल.