वीस मीटर तार, एक गच्ची

हैदराबादच्या नल्लकुंट्याहून किल्लारी सरळ रेषेत साधारण सव्वादोनशे किलोमीटर आहे. हैदराबादेतल्या हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात त्यांना, सगळ्यांत अवघड जाणारं अंतर हेच. हातातला व्हीएचएफ संच नजरेच्या टप्प्यात बोलतो. डोंगरावर किंवा उंच इमारतीवर रिपीटर असेल तर आणखी काही मैल. लघुलहरी जपान आणि युरोप गाठतात, पण पुष्कळदा मधल्या दोन-चारशे किलोमीटरवरून तशाच पुढे निघून जातात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली. तेव्हा केंद्र सरकारने हॅम मंडळींची पथकं भूकंपक्षेत्रात धाडली होती. उद्या तसा प्रसंग आला, तर हैदराबादच्या एखाद्या घरातून मराठवाड्याशी बोलता येईल का? याचं उत्तर टेबलावरच्या महागड्या संचापेक्षा गच्चीवरच्या तारेत जास्त आहे, आणि हा लेख त्या तारेविषयी आहे.

वाट आभाळातूनच काढावी लागते. तार जमिनीपासून पाव तरंगलांबीएवढ्या किंवा त्याहून कमी उंचीवर आडवी ताणली, की तिची बरीचशी शक्ती जवळजवळ सरळ वर जाते. आयनांबरावरून परतताना ती भोवतालच्या तीन-चारशे किलोमीटरवर सगळीकडे उतरते. ७ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ४० मीटरच्या पट्ट्यासाठी ही उंची दहा मीटर भरते; सहा-सात मीटरवरही काम भागतं. दुमजली घराची गच्ची आणि तिच्यावर एक पाइप एवढं त्याला पुरतं. तारेची लांबी काढायला हिशेब सोपा: १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं. ७.१ मेगाहर्ट्झला वीस मीटर आणि वर थोडी. मध्यभागी फीडर, म्हणजे संचापर्यंत जाणारी केबल, आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरचे हात. मधला भाग पाइपावर चढवून हात दोन कोपऱ्यांकडे उतरवले की झाला उलटा व्ही डायपोल. नल्लकुंटा, विद्यानगर, बरकतपुरा इथल्या जुन्या प्लॉटांवर तिरप्या कोपऱ्यांत तो कसाबसा बसतो.

या वीस मीटर तारेला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश सरकारने हौशी रेडिओचे परवाने रद्द केले. तरीही २७ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी तो चालवत होते, आणि प्रक्षेपक उभारला होता नरिमन प्रिंटर या रेडिओ तंत्रज्ञाने. केंद्र ४२.३४ मीटरवर असल्याची घोषणा होत असे. आजच्या भाषेत हे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ होतात, म्हणजे नेमका हॅम मंडळींचा ४० मीटरचा पट्टा. पोलिसांचा माग चुकवत केंद्र घरोघर हलत राहिलं, १२ नोव्हेंबरला धरपकड झाली. जागा बदलली की एरियल पुन्हा नव्याने ताणायची, तीही कुणाच्या डोळ्यांवर न येता. गच्चीवर तार ओढताना मला त्या मंडळींची आठवण होते आणि मनात खरा आदर दाटतो.

हैदराबादचं रेडिओशी नातंही जुनं. ३ फेब्रुवारी १९३५ ला निजामाच्या राज्यात अवघ्या २०० वॉट शक्तीवर दक्कन रेडिओ सुरू झाला. पुढे १९८३ मध्ये इथेच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ उभी राहिली. सोमाजीगुड्यात, राजभवन रस्त्यावर. या संस्थेने कितीतरी लोकांना हौशी रेडिओची वाट दाखवली. तिच्या वतीने डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक पथक अंदमानला गेलं होतं. जगातल्या हॅमना तिथला संपर्क दुर्मीळ, म्हणून पोर्ट ब्लेअरहून व्हीयू४आरबीआय या चिन्हाने रात्रंदिवस संपर्क चालू होते. २६ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली, बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला. छंदासाठी उभारलेले अँटेना तेव्हा निरोप पोचवण्याच्या कामी आले. आणीबाणीत अँटेना नव्याने उभारायला वेळ नसतो. आधीपासून उभा आणि ठाकठीक असलेलाच उपयोगी पडतो, हे या घटनेइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

परवान्याचं थोडक्यात. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा द्यावी लागते, वयाची किमान अट १२ वर्षं. सर्वसाधारण श्रेणीला व्हीयू२, मर्यादित श्रेणीला व्हीयू३ असं चिन्ह मिळतं. परवाना हातात येईपर्यंत ऐकायला मात्र हरकत नसते, आणि अँटेनाचा अभ्यास ऐकण्यातूनच सर्वांत चांगला होतो.

आता उभारणी. नव्या माणसाच्या मनात आधी टॉवर येतो: तीन पायांचा, जाळीचा, वर फिरणारा बीम. हे स्वप्न सुंदर आहे, पण नल्लकुंट्यात ते वाऱ्याशी आणि शेजाऱ्याशी मोजून पाहावं. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, हैदराबादसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतं. ताशी सुमारे १५८ किलोमीटर. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे १,१६० न्यूटन, म्हणजे ११८ किलोचा रेटा येतो. २० मीटर पट्ट्याच्या तीन एलिमेंटच्या यागी बीमचं वाऱ्याला अडणारं क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मीटरहून अधिक असतं. टोकावर आडवे साठ किलो लागले असं समजा, आणि खांबावरचा भार वेगळाच. शिवाय मागचं एलिमेंट साडेदहा मीटरच्या आसपास लांब. आपल्या गल्ल्यांत ते फिरलं की निम्मं दुसऱ्याच्या अंगणावर जातं. त्यामुळे इथल्या बहुतेक घरांसाठी माझं मत ठाम आहे: पहिली पाच वर्षं तारच. बीम हवाच असेल तर १० किंवा १५ मीटर पट्ट्याचा लहान बांधावा. २०२४ च्या सुमारास सूर्यचक्राचा भर आला, अशा काळात थोडक्या शक्तीवरही हे पट्टे दूरदूर नेतात.

सामान शहरातच मिळतं. जीआय पाइप, टर्नबकल, क्लॅम्प, दोरखंड यांसाठी सिकंदराबादचं राणीगंज. वायर आणि अर्थिंगचं सामान ट्रूप बाजारात. कनेक्टर, टोरॉइड, फुटकळ भाग कोठीच्या गुजराती गल्लीत. पाइप उभा करताना कठड्याला बांधायचा मोह होतो. तो टाळावा. चार इंची विटांचा कठडा आडवा जोर सोसण्यासाठी बांधलेला नसतो आणि पडला तर खाली रस्त्यावर पडतो. पाइपाचं बूड कॉलमच्या किंवा बीमच्या डोक्यावर यावं. स्लॅबला भोकं पाडली तर दोन पावसाळ्यांत खालच्या खोलीच्या छताला ओल येते, म्हणून पोलादी पाट्यावर बूड बसवून तो वजनाने दाबणं बरं. पाइप उभा धरणाऱ्या ताणतारा तीन दिशांना, एकमेकींपासून १२० अंशांवर, आणि पाइपाच्या उंचीच्या साठ ते ऐंशी टक्के अंतरावर. लघुलहरींच्या अँटेनाजवळच्या ताणतारांत चिनी मातीची अंडाकृती इन्सुलेटर घालून त्यांचे तुकडे करावेत, नाहीतर त्याच तारा लहरी शोषून घेतात. बुडाशी बिजागरी ठेवली तर पुढे आयुष्यभर पाइप खाली आडवा करून काम करता येतं. एवढ्या एका बिजागरीने कितीतरी अपघात टळतील.

अपघातांचं सर्वांत मोठं कारण मात्र वीजवाहिनी. आपल्या गल्ल्यांतून ११ केव्हीच्या तारा गच्चीच्या बरोबरीने जातात. पाइप उभा करताना किंवा कोसळताना तिकडे झुकला, तर धरणाऱ्याला वाचवता येत नाही. पाइपाच्या दीडपट उंचीएवढं अंतर मोकळं नसेल तर तिथे तो उभारूच नये. यात तडजोड नाही.

हैदराबाद ग्रॅनाइटवर वसलंय, आणि त्यामुळे अर्थिंग इथे खरी परीक्षा घेतं. दोन हात खणलं की कातळ लागतो, कोरड्या उन्हाळ्यात रोध वाढतो. कोळसा-मिठाचा खड्डा दरवर्षी पाणी मागतो. एकच सळई खोल ठोकण्याच्या हट्टापेक्षा उथळ पण लांब चरात तांब्याची पट्टी पुरणं, दोन-तीन इलेक्ट्रोड जोडणं आणि ते घराच्या अर्थिंगशी एकत्र बांधणं जास्त उपयोगी. फीडर घरात शिरतो त्या जागी लायटनिंग अरेस्टर हवा. मे महिन्यात वळवाचे ढग आले की कोअॅक्स काढून खिडकीबाहेर ठेवायची सवय अंगवळणी पडायला हवी; आणि एवढं करूनही, थेट वीज पडली तर काही वाचेलच असं नाही.

देखभालीला माझ्या मते उभारणीपेक्षा जास्त मान मिळायला हवा. मृग लागण्याआधी एक फेरी आणि दिवाळीच्या सुमारास दुसरी. पहिल्या फेरीत पाणी शोधायचं. पीएल-२५९ कनेक्टरमधून शिरलेला ओलावा कोअॅक्सच्या जाळीतून वर चढतो, तांबं काळं पडतं. बाहेरून केबल नवी दिसते आणि आतून निकामी झालेली असते. जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप घट्ट गुंडाळावी, वर साधी टेप, आणि केबलला खाली एक झोल द्यावा म्हणजे पाणी तिथून टपकेल. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम थेट जोडलं तर जोड पांढरा पडून खाल्ला जातो; मध्ये स्टेनलेसचा वॉशर घालावा. दोरी नायलॉनची असेल तर ती ताणली जाते आणि तार झोळते. पॉलिएस्टरची टिकते, पण उन्हाने तिचंही वरचं सूत फुसफुशीत होतं. ते बोटाने चोळून पाहिलं की कळतं. टर्नबकल सैल पडू नयेत म्हणून त्यांतून सुरक्षेची तार ओवावी, कारण वाऱ्याच्या कंपनाने ते स्वतःहून फिरतात. प्रत्येक फेरीत एसडब्ल्यूआर, म्हणजे तारेकडून परतणाऱ्या शक्तीचं माप, मोजून वहीत लिहावा. एका आकड्याला अर्थ नसतो. गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी तो ठेवला की बिघाड कुठे सुरू झाला ते दिसू लागतं.

तिसरी फेरी खास हैदराबादची, संक्रांतीनंतर. जानेवारीत इथलं आभाळ पतंगांनी भरतं आणि डायपोलवर मांजा लटकतो. काचेचा मांजा तारेच्या आवरणाला आणि दोरीला कापतो, नायलॉनचा मांजा महिनोन्महिने कुजत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो दिसतोच. मुलं अडकलेला पतंग काढायला गच्चीवर चढतात, म्हणून सणाआधी शेजारच्या मुलांना बोलावून अँटेना काय आहे ते दाखवावं. ती तारेला जपतात, आणि त्यांतलीच काही पुढे परीक्षा देतात. माकडांचा उपद्रव उस्मानिया विद्यापीठाकडच्या झाडीजवळ जास्त. त्यांच्यापुढे पातळ दोरी टिकत नाही.

व्हीएचएफवाल्यांसाठी एकच गोष्ट सांगतो. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगाची काडी अर्ध्या मीटरहून किंचित कमी, ती कुणीही तासाभरात बनवेल. पण गच्ची ते खोली तीस मीटर आरजी-५८ टाकली तर शक्तीचा पाऊण हिस्सा केबलमध्ये उष्णता होऊन जातो. आरजी-२१३ मध्ये साधारण निम्मा जातो. मोठा संच घेण्याआधी केबल बदलावी.

उपग्रहांचं आकर्षण वेगळं. इस्रोने ५ मे २००५ ला पीएसएलव्ही-सी६ वरून ४२.५ किलोचा हॅमसॅट सोडला, आणि तो २०१४ पर्यंत जगभरच्या हौशी मंडळींच्या कामी आला. आज कतारच्या एस्हेल-२ वरचा हौशी ट्रान्सपॉन्डर हैदराबादेतून पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे २७-२८ अंशांवर आहे. टीव्हीची एक जुनी डिश तिकडे वळवली तर तो ऐकता येतो.

पण किल्लारीचा प्रश्न उरतोच. भूकंप झाला तो पहाटेचा प्रहर. त्या वेळी आयनांबर विरळ असतं, सरळ वर पाठवलेल्या ७ मेगाहर्ट्झच्या लहरी बहुधा आरपार निघून जातात. जवळच्या गावांसाठी तेव्हा ३.६ मेगाहर्ट्झ, म्हणजे ८० मीटरचा पट्टा लागतो, आणि त्याची तार जवळजवळ चाळीस मीटर. जुन्या नल्लकुंट्यातल्या एकाही साध्या घराच्या गच्चीवर ती सरळ मावणार नाही. हात वाकवून, कॉइल घालून बसवावी लागते आणि कार्यक्षमता घटते. गंमत अशी की ही जुनी घरं पाडून तिथे अपार्टमेंट उभी राहत आहेत, आणि त्यांच्या गच्च्या मोठ्या आहेत. चार कोपऱ्यांवर तीन-चार मीटरचे पाइप उभारून कडेने चाळीस मीटर तार फिरवता येते. अडचण परवानगीची. गच्ची सगळ्यांची सामाईक, सभासदांना विजेची आणि तरंगांची भीती. अमेरिकेत १९८५ पासून स्थानिक संस्थांनी हौशी अँटेनाला वाजवी जागा द्यावी असा केंद्रीय आदेश आहे. इथे समजुतीने मिळवावी लागते. सभेत परवाना, नकाशा, अर्थिंगचं मोजमाप, वर्षातून दोनदा तपासणीची लेखी हमी आणि स्लॅबला एकही भोक न पाडण्याचं वचन घेऊन जावं. पहिल्या वर्षी फक्त ४० मीटर पट्ट्याची तार मागावी. ती पावसाळा आणि संक्रांत काढते हे सगळ्यांनी पाहिलं, की पुढच्या सभेत ८० मीटर पट्ट्याची मागायची.