वलगण : शब्द आणि व्यवहार

शहापूर–मुरबाड मार्गावरील सापगाव भातसेच्या काठी आहे. या परिसरात, किंबहुना ठाणे-रायगडच्या बऱ्याच अंतर्भागात, पावसाळ्याच्या तोंडी होणाऱ्या मासेमारीला ‘वलगण’ म्हणतात. एकाच शब्दाने येथे तीन अर्थ व्यक्त होतात : माशांचे प्रवाहाविरुद्ध चढणे, चढणारे मासे, आणि ते धरण्याचा व्यवहार. ‘वलगण चढली’ यात पहिला अर्थ आहे, तर ‘वलगणीला गेले’ यात तिसरा. दक्षिण कोकणातील ‘चढण’ या शब्दाचा अर्थविस्तारही असाच झालेला दिसतो. संस्कृत ‘वल्ग्’ म्हणजे उड्या मारणे. त्या धातूशी ‘वलगण’चा संबंध जोडण्याचा मोह होतो. तथापि केवळ ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. ‘वळणे’ हे क्रियापदही तितकेच जवळचे वाटेल.

शब्दामागील वस्तुस्थिती अशी. भातसा काळूला व काळू उल्हासला मिळते. भातसा धरणातून मुंबईसाठी सोडलेले पाणी पात्रातूनच पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जात असल्याने नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. ओढे मात्र कोरडे पडतात. मृगाचा जोरदार पाऊस होऊन ओढ्यांचे गढूळ पाणी नदीला मिळाले, की खवली, शिंगटी यांसारखे मासे त्या नव्या प्रवाहाच्या उलट दिशेने निघतात आणि ओढ्यांतून थेट भातखाचरांत शिरतात. उथळ, उबदार पाण्यात अंडी लवकर फुटतात, पिलांना सूक्ष्म जीवांचे खाद्य मिळते आणि मोठ्या भक्षक माशांचे भय कमी असते.

हेच उथळ पाणी माशांना घातक ठरते. घोट्याएवढ्या पाण्यात रात्री बत्तीचा उजेड पडला की माशाची पाठ स्पष्ट दिसते, आणि काठी, कोयता किंवा साधी टोपलीही पुरते. पूर्वी चूड पेटवीत. आता विजेरी असते. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर फ्लाउंडर नावाचा चपटा मासा (आपल्या लेपीसारखा) रात्री दिव्याच्या उजेडात भाल्याने टिपतात. तंत्र तेच आहे, परंतु एक भेद महत्त्वाचा. फ्लाउंडर उथळ पाण्यात येतो तो भक्ष्यासाठी. अंडी घालण्यास तो शरदाच्या अखेरीस खोल समुद्रात जातो. वलगणीचा मासा मात्र अंडी घेऊनच येतो. त्यामुळे टोपलीत पडणाऱ्या प्रत्येक मादीबरोबर पुढील वर्षाचे मासेही जातात.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि तिचे एक प्रमुख कारण प्रजननकाळ हेच आहे. भातखाचरांतील बत्ती त्या बंदीच्या कक्षेत येत नाही. एका कुटुंबाची एका रात्रीची टोपली नदी रिकामी करीत नाही, हे खरे. परंतु ओढ्याचे तोंडच जाळ्याने अडविले, तर वर एकही मासा पोहोचत नाही. या दोहोंना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

येथे भाषाभ्यासकाचाही संबंध येतो. शासकीय परिभाषेतील ‘प्रजननार्थ स्थलांतर’ हा शब्दप्रयोग अचूक आहे, पण सापगावच्या शेतकऱ्याला तो परका वाटेल. ‘वलगण’ त्याचा स्वतःचा शब्द आहे; मात्र त्यात चढणे आहे, पकडणे आहे, अंड्यांचा निर्देश नाही. ओढ्याचे तोंड मोकळे ठेवा, असे सांगावयाचे असल्यास ते ‘वलगण वर जाऊ द्या’ या शब्दांत सांगितलेले बरे.