गाण्याआधीचं बोलणं

देवळा, कळवण, सटाणा, मालेगाव या कसमादे पट्ट्यात हरिनाम सप्ताह बसला, की कीर्तनकार अभंगाचं चरण सोडवता सोडवता मध्येच कांद्याच्या भावावर येतो. मंडप हसतो. माणूस आपल्यातलाच आहे, हे एकदा पटलं की लग्नातल्या उधळपट्टीवर चार शब्द सुनावले तरी कुणी उठून जात नाही. दृष्टान्त संपता संपता पखवाज चढतो, ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर होतो आणि ऐकणारेच गायला लागतात.

पोवाड्यातला शाहीर एक ओळ टाकून थांबतो. मागचे झीलकरी ‘जी जी’ ओढतात, तेवढ्यात मुद्दा डोक्यात उतरतो. तमाशात हेच काम सोंगाड्या करतो, पण गावच्या पुढाऱ्याला चिमटे काढत. १९४४मध्ये अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभं करणाऱ्या अण्णाभाऊ साठे यांनी तर तमाशाच्या सुरुवातीच्या गणातल्या गणपतीच्या जागी मातृभूमीला वंदन आणलं. आजचा खेळ कुणासाठी आहे, हे गिरणी कामगाराला सुरुवातीलाच कळायचं.

नाशिक जिल्ह्यातलं या परंपरेतलं मोठं नाव म्हणजे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४). शाळा नशिबी नव्हती; मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत त्यांनी अक्षरं जुळवली. साधी बोली, सोपी चाल आणि फिरून फिरून येणारं ध्रुवपद एवढ्या भांडवलावर त्यांनी आंबेडकरी विचार गावोगाव नेला. अक्षरओळख नसलेल्या बायाबापड्यांनाही ती गाणी तोंडपाठ असत.