चाळीस वार आणि एक रुसलेली मैत्रीण
वीकएन्डला घरचा रोल-प्लेइंग गेम रंगवायचाय? मग फाशांचा हिशेब आधी जमवा, बॉस!

शनिवारची संध्याकाळ. ठिकाण कशेळे. कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला लागलात की हे नाक्याचं गाव येतं. ट्रेकर मंडळी इथे उतरतात ती पेठच्या किल्ल्यासाठी, म्हणजे कोथळीगडासाठी. आम्ही पाच जण मात्र येतो ते एका मित्राच्या मामाच्या ओटीवर बसून फासे टाकायला!

जुगार नव्हे हं. रोल-प्लेइंग गेम. एक जण गोष्ट सांगतो, तो गेम मास्टर, म्हणजे आमचा जीएम. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. पात्राला आकडे असतात, त्यांना म्हणायचं स्टॅट्स. कुणाची ताकद जास्त, कुणाची हुशारी. जमलं की नाही हे ठरवतो फासा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला आणि हे वेड जगभर पसरलं. आमच्या जीएमला मात्र ड्रॅगनपेक्षा सह्याद्री जवळचा. त्याने स्वतःचाच गेम लिहिला. घाटवाटा, मावळे, मोगल फौज... सगळं घरचं!

आठवडाभर एक्सेल शीटमध्ये डोकं घालून बसणाऱ्या आम्हा लोकांसाठी महिन्यातले हे दोन दिवस म्हणजे ऑक्सिजन. आणि हाच ऑक्सिजन एका साध्या वजाबाकीने जवळजवळ संपवला होता. कसा, ते ऐका.

कांदे कोण चिरणार?

आमच्यातली एक सीए. तिने पात्र घेतलं हेराचं. दुसरा मित्र पटाईत, म्हणजे दांडपट्टा फिरवणारा. पटाईताची ताकद ४, हेराची १. नियम सोपा : सहा बाजूंचा फासा टाका, त्यात ताकद मिळवा, शत्रूचं चिलखत वजा करा. उरेल तेवढं डॅमेज. एवढा शत्रूचा ‘दम’ कमी.

कागदावर ठीकच वाटत होतं. फाशाची सरासरी साडेतीन. म्हणजे पटाईताचा वार साडेसातचा, हेराचा साडेचारचा. फरक आहे, पण चालतंय की!

चालत नव्हतं. समोर आले ४ चिलखतवाले शिपाई. साडेसातातून चार गेले, पटाईताकडे उरले साडेतीन. आणि हेराकडे? तिचा फासा एक, दोन किंवा तीन पडला की डॅमेज शून्य. चारला एक, पाचला दोन, सहाला तीन. सरासरी फक्त एक! त्यात आधी वार लागायला हवा. त्यासाठी वीस बाजूंचा फासा. पटाईताला ८ किंवा जास्त पुरेत, म्हणजे ६५ टक्के चान्स. हेराला हवेत १४, म्हणजे ३५ टक्के. गुणाकार करा. पटाईत प्रत्येक डावाला सरासरी २.२७, हेर ०.३५. साडेसहा पट फरक! १४ दमाचा एक शिपाई पाडायला पटाईताला सहा-सात वार लागणार, आणि आमच्या सीएबाईंना चाळीस!

ती चार डाव खेळली. चारही वेळा शून्य. तेवढ्यात मामी बाहेर आल्या. ‘‘अगं, तू नुसतीच बसलीयेस ना? ये मग, कांदे चिरायला हात लाव जरा.’’

ती उठली आणि आत गेली. परत काही आली नाही. पुढच्या महिन्यात ग्रुपवर मेसेज टाकला, ‘तुम्ही खेळा रे, मला क्लोजिंग आहे.’ क्लोजिंग कसलं, सगळ्यांना कळलं होतं. शाळेपासूनचा ग्रुप आणि त्यातली एक जण एका चिलखतापायी गळणार? छे!

विषारी कट्यारीचा साइड इफेक्ट

जीएमने घाईघाईत उपाय काढला. हेराला दिली विषारी कट्यार. तीन फासे, चिलखत लागूच नाही! मग तिला फोन करून मनवलं. ती आली, खेळली आणि धम्माल केली. पण हिशेब बघा : तीन फाशांचे साडेदहा, चान्स तोच ३५ टक्के. डावाला ३.६७. म्हणजे पटाईताच्या दीडपटीहून जास्त. आता पटाईत महाशय मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. मग जीएमने शिपायांचा दम वाढवला. परिणाम? एक चकमक तीन तास चालली. सगळेच बोअर!

एकाचा आकडा वाढवला की दुसऱ्याचा वाढवावा लागतो. मग शत्रूचा. मग पुन्हा पहिल्याचा. या गाडीला ब्रेक नसतो.

नवशिक्यांचंच असं होतं असं नाही. १९८७ साली आलेल्या पहिल्या ‘फायनल फँटसी’मध्ये जादूगाराला इंटेलिजन्स नावाचा स्टॅट होता, पण एका प्रोग्रॅमिंगच्या चुकीमुळे त्याचा जादूच्या डॅमेजवर परिणामच होत नव्हता. आकडा वाढतोय, खेळणारा खूश आणि प्रत्यक्षात काहीच नाही! ‘आरपीजी मेकर’ या हौशी मंडळींच्या आवडत्या सॉफ्टवेअरमध्ये साध्या हल्ल्याचं तयार सूत्रही वजाबाकीचंच : हल्ल्याची चौपट वजा बचावाची दुप्पट. सुटसुटीत आहे, पण बचाव हल्ल्याच्या दुप्पट झाला की डॅमेज शून्य. वजाबाकीची ही जुनी खोड. ताकदवानाला ती थोडं कापते, दुबळ्याला पार झोपवते.

उत्तर होतं उंबरखिंडीत

उपाय सापडला तो एका रविवारी, परतीच्या वाटेवर. आम्ही खोपोलीहून पालीच्या रस्त्याने चावणीला वळलो. इथेच ती उंबरखिंड. २ फेब्रुवारी १६६१ ला शाइस्तेखानाचा सरदार कारतलबखान घाट उतरून कोकणात निघाला होता. त्याची फौज वीस हजारांच्या आसपास सांगतात, तर शिवाजी महाराजांकडे हजारभर माणसं. स्टॅट्स लावले तर सामना केव्हाच संपलेला! पण वाट चिंचोळी, दोन्ही अंगांना जंगल. मोठी फौज अशा जागी एकदम लढूच शकत नाही. पुढची वाट अडली, मागची अडली. खान शरण आला आणि सामान टाकून निघून गेला.

सीए मैत्रीण स्मारकापाशी उभी होती. म्हणाली, ‘‘अरे, इथे सगळ्यांना मारावं कुठे लागलं? खान इथून जाणार हे आधी कळलं, तिथेच अर्धं काम झालं ना! मग माझा हेर तलवार का चालवतोय?’’

फंडा क्लिअर!

त्या रात्री कट्यार रद्द झाली. नवा नियम : हेराने हुशारीवर फासा टाकायचा. जमलं, तर त्या फेरीत शत्रू कोंडीत सापडला आणि त्याचं चिलखत बाद. मग पटाईताचा वार २.२७ वरून थेट ४.८७ वर जातो. म्हणजे २.६ ची भर हेरामुळे. तिचा डाव ६५ टक्के वेळा जमतो, म्हणजे सरासरी १.७. पटाईताच्या स्वतःच्या २.२७ च्या जवळपास! आणि लढणारे दोघं असतील तर तीच भर दुप्पट. शिवाय शत्रूला ‘हिंमत’ नावाचा आकडा दिला. ती संपली की तो शरण. शेवटच्या शिपायापर्यंत कापाकापी करत बसायची गरज नाही.

गंमत म्हणजे हेराची ताकद आजही १ च आहे. पण आता तिचा डाव आला की पटाईत मोबाइल खाली ठेवतो. कारण तिचा फासा त्याच्याही कामाचा असतो.

म्हणजे बॅलन्स याचा अर्थ सगळ्यांचे आकडे सारखे करणं नव्हे. प्रत्येकाच्या डावाने पुढचं काहीतरी बदललं पाहिजे, बस्स! ऑफिसच्या अप्रेझलमध्येही विकणाऱ्याचा आकडा दिसतो. त्याला योग्य गिऱ्हाईक शोधून देणाऱ्याचा कुठे दिसतो?

स्वतःचा गेम बनवताय? मग एवढं कराच

• डॅमेजची सरासरी चिलखत वजा करून काढा. आधी काढलेली फसवते.
• वार लागण्याचा चान्स त्याला गुणा. दोन छोटे फरक मिळून मोठा होतो.
• लागलेल्या वाराचं डॅमेज किमान १ ठेवा. शून्याने माणूस रुसतो.
• एका वेळी एकच आकडा बदला. मग दहा-बारा चकमकी खेळून बघा.
• टेबलावर मोबाइल कोण काढतंय यावर नजर ठेवा. एक्सेलपेक्षा ते लवकर सांगतं.

परवाच्या खेळात मामी पुन्हा बाहेर आल्या. मैत्रिणीने वर न बघताच सांगितलं, ‘‘मामी, पाच मिनिटं हं, खान आत्ता खिंडीत शिरलाय!’’

कांदे पटाईताने चिरले.