शिंपल्याची खिडकी आणि स्कॅलपचे कुल

गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या बसवलेल्या आपण पाहिल्या असतील. बाहेरचे रणरणते ऊन त्यांतून आत येताना दुधाळ आणि शांत होते. ज्या प्राण्याचे हे कवच, त्याचे शास्त्रीय नाव प्लाकुना प्लासेंटा. इंग्रजीत त्याला ‘विंडोपेन ऑयस्टर’ म्हणतात. परंतु हे खरे कालव नव्हे. आजच्या वर्गीकरणात त्याचे स्थान पेक्टिनिडा या गणात आहे आणि या गणाला ज्याच्यावरून नाव मिळाले, तो प्राणी म्हणजे स्कॅलप. शेल कंपनीच्या पेट्रोल पंपावर जो पंख्याच्या आकाराचा शिंपला दिसतो, तोच हा. म्हणजे आपल्या खिडकीतील शिंपला कालवांपेक्षा स्कॅलपच्या अधिक जवळचा नातलग ठरतो. असे नाते शास्त्रज्ञ कसे ठरवतात, हे समजून घेण्यासाठी स्कॅलपचे उदाहरण फार बोलके आहे.

स्कॅलप हा मृदुकाय संघातील द्विपुट प्राणी. दोन शिंपल्या, त्यांवर बिजागरीपासून पसरत गेलेल्या कंगोऱ्यांच्या रेषा आणि बिजागरीच्या दोन्ही बाजूंना कानासारखे दोन उंचवटे, असे त्याचे सर्वपरिचित रूप. बहुतेक द्विपुट प्राणी वाळूत रुतून किंवा खडकाला चिकटून आयुष्य काढतात. स्कॅलप मात्र शिंपल्या झपाझप उघडमीट करून पाण्याचा झोत मागे सोडतो आणि चक्क पोहतो. त्याच्या शरीराच्या कडेने लहान लहान डोळ्यांची रांग असते. काही जातींत त्यांची संख्या 200 पर्यंत जाते. या डोळ्यांत प्रतिमा तयार होते ती भिंगापेक्षा मुख्यतः मागच्या अंतर्वक्र आरशामुळे, आणि तो आरसा ग्वानिन या द्रव्याच्या स्फटिकांचा बनलेला असतो.

स्वीडिश निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनियस यांनी 1758 मध्ये स्कॅलपना कालवांबरोबर ‘ऑस्ट्रिया’ या एकाच प्रजातीत घातले होते. 1776 मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ म्युलर यांनी ‘पेक्टेन’ ही वेगळी प्रजाती मानली; लॅटिनमध्ये पेक्टेन म्हणजे कंगवा. 1815 मध्ये राफिनेस्क यांनी पेक्टिनिडी हे कुल स्थापन केले. आज या कुलात 300 हून अधिक जिवंत जाती गणल्या जातात. जीवाश्मरूपाने ज्ञात असलेल्या जाती त्याहून कितीतरी अधिक आहेत आणि या कुलाचा इतिहास ट्रायासिक कालखंडापर्यंत मागे जातो.

इतके जीवाश्म टिकले याचे एक कारण कवचाच्या घडणीत आहे. शिंपल्यांतील कॅल्शियम कार्बोनेट मुख्यतः ॲरॅगोनाइट आणि कॅल्साइट अशा दोन रूपांत आढळते. ॲरॅगोनाइट खडकात सहज विरघळून जाते. कॅल्साइट अधिक टिकाऊ. स्कॅलपच्या कवचात कॅल्साइटचे प्रमाण मोठे असल्याने लाखो वर्षांनंतरही त्याच्या कंगोऱ्यांच्या रेषा मोजता येतात. प्लाकुनाच्या कवचात तर सुमारे 99 टक्के कॅल्साइट असते आणि त्याच्या पातळ थरांच्या रचनेमुळेच त्यातून प्रकाश आत येतो.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात सापडणारा चेसापेक्टेन जेफर्सोनियस हा प्लायोसीन काळातील जीवाश्म या दृष्टीने प्रसिद्ध आहे. मार्टिन लिस्टर यांनी 1687 मध्ये त्याचे चित्र छापले. उत्तर अमेरिकेतील जीवाश्माचे ते पहिले प्रसिद्ध झालेले चित्र मानले जाते. 1824 मध्ये थॉमस से यांनी थॉमस जेफर्सन यांच्या सन्मानार्थ त्याला पेक्टेन जेफर्सोनियस असे नाव दिले. 1975 मध्ये वॉर्ड आणि ब्लॅकवेल्डर यांनी त्याला व त्याच्या आप्तांना चेसापेक्टेन या नव्या प्रजातीत नेले. या प्रजातीतील जाती एकापाठोपाठ एक अवतरत गेल्या. म्हणून तेथील खडकाचा थर कोणत्या काळातील, हे त्यात कोणती जाती सापडते यावरून सांगता येते. येथे नाव चुकले तर थराचे वयही चुकते.

मग खात्रीची खूण कोणती? आकारावर विसंबता येत नाही. उजव्या शिंपलीच्या कानाखाली एक खाच असते. कोवळ्या वयात स्कॅलप स्वतः निर्माण केलेल्या धाग्यांनी आधाराला धरून राहतो आणि ते धागे या खाचेतून बाहेर येतात. खाचेच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात. त्यांना टेनोलियम म्हणतात. काही जातींत वय वाढल्यावर ते दिसेनासे होतात, पण वाढीच्या सुरुवातीच्या अवस्थेत असतात. स्मिथसोनियन संस्थेचे थॉमस वॉलर यांनी 1984 मध्ये हीच पेक्टिनिडी कुलाची ओळखखूण ठरवली. ही खूण कवचात असल्यामुळे जिवंत प्राणी आणि जीवाश्म या दोघांना एकच कसोटी लावता येते.

आकार किती फसवतो, याचे अलीकडचे उदाहरण पाहा. ॲम्युसियम प्रजातीतील स्कॅलप बाहेरून गुळगुळीत, चपटे, आतून बारीक कंगोरे असलेले आणि पाण्यात लांबवर तरंगत जाणारे. ऑस्ट्रेलियात मोठ्या प्रमाणावर पकडला जाणारा बशीसारखा स्कॅलपही याच प्रजातीतला समजला जाई. डीएनएच्या तपासणीतून दिसले, की तो वेगळ्याच शाखेतला आहे; सारख्या पोहण्यामुळे दोघांना सारखा आकार स्वतंत्रपणे आला. 2014 मध्ये त्याच्यासाठी यिलिस्ट्रम ही नवी प्रजाती करण्यात आली. याउलट युरोपातील पेक्टेन मॅक्सिमस आणि यात्रेकरूंचे चिन्ह म्हणून ख्यात असलेला पेक्टेन जॅकोबियस यांच्या डीएनएमध्ये इतका थोडा फरक आहे, की काही अभ्यासकांना ती एकच जाती वाटते. लाखो वर्षांपूर्वीच्या जीवाश्मात डीएनए उरत नाही. तेथे दाते, कंगोरे आणि कवचाची सूक्ष्म नक्षी यांवरच निर्णय घ्यावा लागतो, आणि म्हणून जिवंत जातींचा हा धडा जीवाश्मांच्या अभ्यासकालाही सावध करतो.

हा केवळ नावांचा खेळ नव्हे. प्लाकुना प्लासेंटा या शिंपल्याला आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण मिळाले, ते त्याच्या शास्त्रीय नावाने. झुआरीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीतील गाळात हे शिंपले आजही राहतात. ‘कालवेच ती’ असे म्हणून ते सरसकट उपसले गेले, तर नेमके काय गेले हेही आपल्याला कळणार नाही. एखाद्या प्राण्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखणे ही त्याला राखण्याची पहिली पायरी असते. जुन्या खिडकीतून येणारा तो दुधाळ प्रकाश निदान एवढी आठवण करून देतो.