अहमदनगरची ख्रिस्ती मंडळी : उगम व वाढ

पुष्कळ मुलांची अशी समजूत असते की, मंडळी म्हणजे ते दगडी देऊळ, त्यावरील घंटा व आतील बाके. ही समजूत बरोबर नाही. देऊळ हे मंडळीचे घर होय. मंडळी म्हणजे त्या घरात जमणारी माणसे. घर गवंडी बांधतो. परंतु माणसे एकत्र कशी आली, त्यांनी काय सोसले व पुढे आपला भार आपण कसा उचलला, हे जाणल्यावाचून मंडळीचा इतिहास कळत नाही. येथे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील मंडळीची हकीकत थोडक्यात सांगावयाची आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे इ. स. १८१३ त मुंबईस उतरले. त्यानंतर अठरा वर्षांनी, १८३१ च्या डिसेंबरात, ग्रेव्हज, हार्वी व रीड हे तिघे उपदेशक घाट चढून नगरास आले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते. पुढल्याच वर्षी हार्वी साहेब पटकीने वारले. शहरात आंधळे, पांगळे व निराधार यांच्याकरिता एक आश्रम होता. तेथे जाऊन बाबाजी त्या दुबळ्यांस उपदेश करीत. ता. ६ मार्च १८३३ रोजी मंडळीची रीतसर स्थापना झाली, तेव्हा आरंभीच्या सभासदांत या आश्रमातील माणसेही होती. ज्यांना जगाने कोपऱ्यात बसविले, त्यांच्यापासून या मंडळीचा आरंभ झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच वर्षी बाबाजींसही पटकीनेच नेले. रोपटे लावले न लावले तोच माळी गेला. तथापि रोपटे जगले.

१८३९ साली हरिपंत खिस्ती व त्यांचे बंधू नारायणराव यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे आप्तस्वकीय, पंगत व वतन या सर्वांस मुकणे होय. पुढे आसपासच्या खेड्यांतून महार समाजातील कुटुंबे मंडळीत येऊ लागली. ज्यांची सावलीही एकमेकांस चालत नव्हती, ते प्रभुभोजनास एकाच भाकरीचे वाटेकरी झाले. जातीची आठवण एका दिवसात पुसली गेली असे मात्र कोणी समजू नये. सोयरिकीच्या प्रसंगी ती पुढेही डोके वर काढीत राहिली, व हा झगडा मंडळीस पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरातच लढावा लागला.

मंडळीबरोबर शाळाही वाढल्या. मिस सिंथिया फॅरार या १८३९ साली नगरास आल्या व १८६२ त मरण पावेतो मुलींच्या शिक्षणासाठी झटल्या. त्यांची शाळा महात्मा जोतीराव फुले यांनी पाहिली होती. ती पाहून त्यांच्या मनाने घेतले, व १८४८ साली त्यांनी पुण्यास मुलींची शाळा काढली. १८४२ त नगरासच 'ज्ञानोदय' पत्र निघाले.

तरीही मंडळी खरी सज्ञान झाली ती १८५४ साली, असे म्हटले पाहिजे. त्या वर्षी हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली आणि नगरच्या मंडळ्यांची काळजी एतद्देशीय पाळकांच्या हाती आली. मूल चालू लागले म्हणजे आईने बोट सोडावे लागते. पडण्याची भीती असतेच, पण बोट न सोडल्यास पाय बळकट होत नाहीत. १८६२ च्या सुमारास ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पडला. वीणा, टाळ व मृदंग यांच्या साथीने शुभवर्तमान ऐकताच खेड्यातील माणसास ते आपल्या घरचे वाटू लागले.

१८७६ ते १८७८, तसेच १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांनी नगर जिल्हा होरपळून निघाला. त्या वेळी रॉबर्ट ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी अन्नाची व अनाथांची सोय केली, आणि मंडळीची संख्याही वाढली. 'हे धान्यासाठी आले,' असा टोमणा तेव्हा मारला गेला, व तो सर्वस्वी निराधार होता असेही म्हणवत नाही. परंतु भुकेल्यास भाकर देणे हा दोष नव्हे. आणि धान्य वाटणे थांबल्यावरही जे टिकून राहिले, मुलांस शिकवीत राहिले, त्यांच्या निष्ठेचे माप कोणत्या पायलीने करावे?

१८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेऊन नारायण वामन टिळक नगरास आले. त्यांच्या अभंगांनी व गीतांनी मराठी उपासनेस स्वतःचा कंठ दिला. परदेशी पोशाखात मंडळीने कायमचे वावरावे हे त्यांस रुचले नाही, म्हणून १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. १९१९ त ते निवर्तले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात त्या काळचे ख्रिस्ती घर आजही बोलके दिसते. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातील अनेक मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ही संस्था झाली, व मिशनच्या परंपरेतील मंडळ्याही तीत सामील झाल्या.

विद्यार्थी मित्रहो, पुढल्या रविवारी देवळात बसाल, तेव्हा आपल्या बाकावर पूर्वी कोण बसत असे, हे घरी आजी-आजोबांस अवश्य विचारा. पालकांनीही ते सांगण्यास कंटाळू नये. पायाचे दगड जमिनीखाली असतात, म्हणून दिसत नाहीत. पण भिंत उभी असते ती त्यांच्याच आधारावर.