घंटा खोटी, पैलवान खरा! ऑलिम्पिक पदकापेक्षा सिनेमामुळं ओळखला गेलेला इंग्रज मल्ल

जुने इंग्रजी सिनेमे मोबाईलवर पाहिले असतील तर हे दृश्य ओळखीचं वाटेल. सिनेमा सुरू होण्याआधी उघड्या अंगाचा धिप्पाड गडी येतो अन् शाळेच्या पितळी घंटेसारख्या, पण माणसाएवढ्या गोल थाळीवर ठोके मारतो. मग पडद्यावर नाव येतं. ही ब्रिटनच्या रँक या सिनेमा कंपनीची खूण. ठोके मारणारे गडी वेळोवेळी बदलले. त्यातल्या एकाचं नाव केन रिचमंड. हा माणूस नट नव्हता, ऑलिम्पिक पदक जिंकलेला पैलवान होता.

आणि ती घंटा? ती पितळेची नव्हतीच. कागदाच्या लगद्याची होती. पैलवानानं खरोखर जोर लावला असता तर टोला आरपार गेला असता. आपल्याला ऐकू येतो तो नाद जेम्स ब्लेड्स नावाच्या वादकानं दुसऱ्याच वाद्यावर वाजवलेला आहे.

रिचमंड यांचा जन्म १९२६ सालचा, लंडनचा. ते यहोवा विटनेस या ख्रिस्ती पंथाचे. या पंथाचे लोक हातात शस्त्र घेत नाहीत. रिचमंड यांनीही सैन्यात जायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. पुढं अंटार्क्टिकच्या समुद्रात व्हेल मासे पकडणाऱ्या जहाजावर त्यांनी काम केलं. कुस्ती खेळायची ती हौस म्हणून.

ही ‘हौस’ नीट समजून घ्यायला हवी. आपल्याकडं जत्रेच्या फडात पैलवान इनामाची कुस्ती धरतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. त्या काळच्या ऑलिम्पिकचा नियम मात्र कडक होता. खेळावर पैसा कमावला की दार बंद. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन लढणारे पैलवानही होते, पण ती कुस्ती बहुतांशी तमाशा. निकाल आधीच ठरलेला. १९५५ पासून ती टीव्हीवर आली आणि घराघरात पोचली. खरी कुस्ती खेळणाऱ्या हौशी मल्लाच्या वाट्याला ना पैसा, ना टीव्ही. हा हिशेब उलटाच म्हणायचा.

तरीही रिचमंड चार ऑलिम्पिक खेळले: १९४८ लंडन, १९५२ हेलसिंकी, १९५६ मेलबर्न आणि १९६० रोम. पदक मिळालं ते हेलसिंकीत, फ्रीस्टाईलच्या सर्वात वरच्या वजन गटात. ८७ किलोच्या पुढचे सगळे मल्ल या गटात. सोव्हिएत संघाचे अर्सेन मेकोकिश्विली पहिले, स्वीडनचे बर्टिल अँटोन्सन दुसरे, रिचमंड तिसरे.

तेव्हा एका पराभवात मल्ल घरी जात नसे. गुण वाईट म्हणून धरायचे. हरला तर तीन, पंचांच्या कौलानं जिंकला तर एक, चितपट केली तर शून्य. पाच गुण भरले की बाहेर. म्हणजे नुसतं जिंकून भागत नसे, समोरच्याची पाठ लावली तरच पाटी कोरी राहायची.

याच हेलसिंकीत कराड तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हलक्या गटात कांस्य जिंकलं. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं होतं. दोघेही १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये होते, दोघांनाही पदक मिळालं ते १९५२ ला. पुढचं कुस्ती पदक पाहायला भारताला २००८ साल उजाडलं. ब्रिटनला त्यानंतर कुस्तीत एकच पदक मिळालं, १९८४ ला नोएल लोबान यांचं कांस्य.

रिचमंड यांनी १९५४ ला व्हँकुव्हरच्या राष्ट्रकुल खेळांत सुवर्ण जिंकलं. त्याआधी १९५० ला ऑकलंडमध्ये कांस्य होतंच.

त्यांच्या सिनेमाच्या वाटेतली एक गोष्ट आपल्याकडच्या कुस्तीशौकिनांनी ऐकण्यासारखी आहे. १९५० ला ‘नाईट अँड द सिटी’ हा सिनेमा आला. त्यात रिचमंड तरुण मल्ल झालेत आणि त्यांचे म्हातारे वस्ताद झालेत पोलंडचे स्टॅनिस्लॉस झिबिस्को. होय, तेच झिबिस्को! १९१० ला लंडनमध्ये आपल्या गामा पैलवानाशी कुस्ती धरून बरोबरीत सुटलेले आणि १९२८ ला पटियाळ्यात मिनिटभरात चीत झालेले.

उतारवयात रिचमंड विंडसर्फिंग शिकले. शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाणी कापायचं, असा हा खेळ. ऑगस्ट २००६ मध्ये वयाच्या ८० व्या वर्षी ते गेले. तेव्हाही लोकांना आधी आठवली ती घंटाच. ऑलिम्पिकचं कांस्य त्यानंतर.